चाखणबाई आणि गुळमारचा पाला

चाखणबाई जिना चढायची ती एखाद्या तापट साहेबाच्या केबिनमध्ये शिरावं तशी, दबकत. एक पायरी, मग थांबा. पुन्हा एक पायरी, पुन्हा थांबा. डावा हात कठड्यावर आणि उजवा छातीवर, आत बसलेल्या कोणाला तरी दम धर म्हणून थोपटत असल्यासारखा. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि देह असा की जिन्यात समोरून कोणी आलं तर दोघांपैकी एकाला मागे फिरावं लागे. मागे फिरणारी चाखणबाई नसायची.

हसू नका. पूर्वी यावर तीच सगळ्यात जास्त हसायची. कारखान्यातल्या बायका तिच्या वजनावरून जे विनोद करत, त्यातले निम्मे मुळात तिचेच असत. पण वर्षापूर्वी तिची ताई अशाच एका जिन्यावर गेली आणि चाखणबाईचं हसू आटलं. ताई म्हणजे थोरली बहीण. तोच बांधा, तेच गुबगुबीत हात, चालताना डावीकडे झुकायची तीच सवय. बाजारातून येताना जिन्याच्या मधल्या वळणावर ती दम खायला म्हणून बसली, ती बसलीच. हातातल्या पिशवीतले बटाटे तेवढे घरंगळत खाली गेले. शेजाऱ्यांनी आधी बटाटे पाहिले आणि मग ताईला.

तेव्हापासून भीती चाखणबाईच्या पोटात मुक्कामालाच आली होती. चप्पल घालायला वाकली तरी भीती, झोपेत कूस बदलली तरी भीती, आणि जिना तर विचारूच नका. जरा धाप लागली की तिला बटाटे घरंगळताना ऐकू यायचे. नवऱ्याला तिने हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने घर बदलायचा घोशा लावला असता, आणि तेवढा पैसा कुठून यायचा?

तिचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असेल तेवढंच. बिस्किटांच्या कारखान्यात चव घ्यायच्या खोलीत ती कामाला होती, म्हणून सगळ्यांची चाखणबाई. खोली लहानशी, पांढरी, आणि तिथे अत्तर लावून यायला बंदी. भट्टीतून माल निघाला की त्यातली दोन-चार बिस्किटं बशीत घालून तिच्यापुढे यायची. कोमट पाण्याने चूळ भरायची, घास घ्यायचा, चावायचा, जिभेवर फिरवायचा आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचा, असा नियम. थुंकणं तिला कधी जमलं नाही. कोणी तरी पहाटे उठून कालवलेलं, भाजलेलं बिस्कीट थुंकायचं म्हणजे त्या माणसाच्या अंगावर थुंकण्यासारखं आहे, असं तिचं म्हणणं. तेव्हा ती गिळायची. इतकी वर्षं, दिवसभर, थोडं थोडं, मायेने गिळत राहिली आणि त्याचं व्हायचं तेच झालं.

चव कशी होती ते ती कागदावर लिहायची, पण तो कागद वाचायला थांबतंय कोण? भट्टीवाला दारात उभा राहून तिचं तोंड बघायचा. साखर कणभर इकडची तिकडे झाली की तिची डावी भुवई वर जायची, सोडा जास्त पडला की नाकपुडी आक्रसायची, आणि सगळं जमून आलं की मान एकदा खाली, एकदा वर. हा चेहरा खोटं बोलूच शकत नसे. मालकाच्या मुलाने स्वतःच्या डोक्याने एक नवं बिस्कीट काढलं तेव्हा ते चाखायला तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तिने ओठ आवळून चेहरा सांभाळला, पण भुवई गेलीच वर. ते बिस्कीट बाजारात आलं नाही आणि मुलगा पुढे कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही.

घरी तर तिचा चेहरा म्हणजे कायदा. नवरा शिंपी, घरातच काम करणारा. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी उभा आरसा. पोट थोडं सुटलेलं, मधुमेह जडलेला, सकाळी खाण्याआधी एक गोळी घेणारा शांत माणूस. लग्न झाल्या झाल्या त्याच्या लक्षात आलं की बायको प्रत्येक पदार्थ आधी स्वतः चाखते, मान हलवते आणि मगच वाढते. त्याने त्याचा नियमच करून टाकला. ताट समोर आलं तरी तो तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. तिची मान हलली की याचा पहिला घास. दुसऱ्यांकडे जेवायला गेले तरी हेच, आणि यजमानीणबाईंचा जीव टांगणीला.

स्वयंपाकघरातल्या डब्यांचीही तीच गत. सगळे स्टीलचे, सगळे एकसारखे, आणि एकावरही चिठ्ठी नाही. झाकण उघडायचं, बोट लावायचं, जिभेला टेकवायचं. मीठ, साखर, सोडा, मक्याचं पीठ. एकदा नवऱ्याने कापडाच्या पट्ट्यांवर नावं लिहून डब्यांना चिकटवली होती. तिने त्या गरम पाण्याने खरवडून काढल्या. "मला जीभ दिलीय देवाने," ती म्हणाली, आणि दोन दिवस फुरंगटून बसली.

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. आकडा बघून त्यांनी चष्मा काढला.

"आता आधी गुडघे जातात की हृदय, एवढंच बघायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. त्यांची बोलण्याची तऱ्हाच तशी होती.

चाखणबाईच्या डोळ्यांपुढे जिना उभा राहिला. "कमी खाते हो मी," ती म्हणाली, "पण गोड दिसलं की हात आपोआप जातो. कामच ते माझं. आपला माळी म्हणतो, सायकल स्टँडच्या कुंपणावर वेल आहे ना, त्याचं पान चावलं की गोड लागतच नाही. त्याने वजन उतरतं म्हणे."

"गुळमार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उष्ण मुलखातला जुना औषधी वेल आहे. पान चघळलं की तासभर जिभेला गोड कळत नाही, हे खरं. गोडाची ओढ कमी होते, खाणं थोडं आवरतं, असंही काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण त्याने वजन उतरतंच, असं छातीठोक सांगणारा भेटला तर समजा की तो पुड्या विकायला बसलाय. तुम्हाला बघायचं तर संध्याकाळी एखादं पान बघा. रोज चालायचं आणि मोजकं जेवायचं, ते काही चुकणार नाही. आणि हो, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने मला विचारल्याशिवाय त्या पानाला हात लावायचा नाही. साखर एकदम खाली जाऊ शकते."

"मी कुठे घेते गोळ्या?" चाखणबाई म्हणाली, आणि ते शेवटचं वाक्य तिथेच दवाखान्यात ठेवून घरी आली.

पहिलं पान तिने जीव मुठीत धरून चघळलं. कडवट, थोडं तुरट, पावसात भिजलेल्या कुंपणासारखं. मग घरातलं एक बिस्कीट तोंडात टाकलं. तोंडात वाळू होती. साखरेची चिमूट टाकली, तीही वाळू. ती धावत पुढच्या खोलीत गेली आणि आरशापुढे जीभ बाहेर काढून उभी राहिली.

"जीभ गेली माझी," ती नवऱ्याला म्हणाली. "आता परत आली नाही तर? मला दुसरं येतंय काय? अहो, माझी जीभ गेली."

त्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं, तिला स्टुलावर बसवलं आणि तासभर तिच्याजवळ बसून राहिला. दर थोड्या वेळाने ती बोटावर साखरेचा कण घेई आणि मान नकारार्थी हलवे. शेवटी कुठून तरी लांबून आल्यासारखं गोड परत आलं. त्या दिवशी ती साखरेच्या एका कणासाठी पदर तोंडाला लावून रडली. नवऱ्याने तिने आणलेल्यांतलं उरलेलं एक पान उचलून खिडकीपाशी नेलं आणि उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं.

तरी तिने पान सोडलं नाही. जिन्याची भीती जिभेच्या भीतीहून मोठी होती, एवढाच त्याचा अर्थ. माळ्याने कुंडीत लावून दिलेला वेल नवऱ्याच्या मशीनजवळच्या खिडकीच्या गजांवर चढला. कारखान्यातून दर आठवड्याला मिळणारी तुटकी बिस्किटं ती आता घरी न आणता तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंना देऊन टाकी. घरातला गोडाचा कण न कण तिने बाहेर काढला. साखर पाहुण्यांच्या चहापुरती मूठभर ठेवली, आणि नवऱ्यासाठी आणलेली बिनसाखरेची गोड पूड, दिसायला अगदी साखरच, शेजारच्या डब्यात ओतली. कुठल्या डब्यात काय, हे लक्षात ठेवायची तिला गरजच काय होती?

हळूहळू फरक पडायला लागला. जेवणानंतर काही तरी गोड हवं म्हणून जीव जो कासावीस व्हायचा, तो होईना. ती संध्याकाळी इमारतीभोवती फेऱ्या मारू लागली. फरक पानाचा होता, फेऱ्यांचा होता की ताईच्या आठवणीचा, देव जाणे. तिचा कामावरचा पांढरा कोट नवराच शिवायचा. दर वर्षी तो शिवणीत जादा कापडाची माया ठेवायचा आणि दर वर्षी ती उसवून कोट सैल करायचा. यंदा पहिल्यांदा त्याने तोंडात टाचण्या धरून कोट दोन्ही बाजूंनी आत घेतला. टाचण्यांमुळे त्याला हसता येत नव्हतं, पण कान वर गेलेले तिला आरशात दिसले.

नवराही हल्ली कमी जेवायला लागला होता. तिला वाटलं, आपल्यासमोर पोटभर खायला त्याला संकोच वाटत असेल. आणि वेलाची पानं कमी होत होती. खालची तर देठापासून गायब. अळी लागली असणार म्हणून तिने चष्मा लावून एकेक पान उलटून पाहिलं. अळी काही सापडली नाही.

अळी सापडली ती एका सुट्टीच्या दुपारी.

जेवण व्हायचं होतं. कामाचा दिवस नव्हता म्हणून चाखणबाईने दुपारीच, नुकतंच पान चघळलं होतं आणि ती भाजी ढवळत होती. पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता, पण तो नेहमीचा नव्हता. घरघर, मग गप्प. पुन्हा घरघर, पुन्हा गप्प. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

नवरा मशीनवर ओणवा झाला होता. कपाळावरून घाम ओघळून कापडावर पडत होता. समोर कोणाच्या तरी लग्नाचा कोट होता, आणि ज्या माणसाची शिवण पट्टी लावून मारल्यासारखी सरळ असायची, त्याची शिवण बाहीवरून निघून खिशावर, खिशावरून कॉलरकडे अशी भरकटत गेली होती.

"अहो, हे काय केलंत?"

"दिवा लाव," तो म्हणाला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"काय होतंय तुम्हाला?"

"दिवा लाव म्हणतो ना. बाही सापडत नाही." एरवी आवाज न चढवणारा माणूस तिच्यावर खेकसला. त्याचे हात थरथरत होते. कात्री उचलायला गेला तर ती खाली पडली, कापडाच्या तुकड्यांच्या खोक्यात. चाखणबाई ती काढायला वाकली आणि तशीच राहिली. खोक्यात चिंध्यांच्या खाली देठ होते. गुळमारचे देठ, मूठभर, काही वाळलेले, काही आत्ताच खुडलेले.

डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य दवाखान्यातून उठून तिच्या पाठीमागे येऊन उभं राहिलं. गोळ्या घेणाऱ्याने पानाला हात लावायचा नाही. हा सकाळी गोळी घेत होता, वर मूठभर पानं खात होता आणि जेवत अर्धंच होता. आणि हिने त्याला ते एक वाक्य सांगितलं नव्हतं.

तिने त्याच्या मधुमेहाच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडची नर्स शांत आवाजात म्हणाली, "शुद्धीवर आहेत का? गिळता येतंय? मग आत्ताच्या आत्ता साखरेचं दाट पाणी द्या. जे गोड असेल ते द्या. गिळत नसतील तर तोंडात काही घालू नका. मी गाडी पाठवते."

चाखणबाई स्वयंपाकघरात धावली. डबा काढला, बोट लावलं, जिभेला टेकवलं. वाळू. दुसरा डबा, दुसरं बोट. वाळू. ती दोन्ही डब्यांकडे बघत राहिली. एकात साखर होती, एकात नुसती गोडाचं सोंग घेतलेली पूड. एक नवऱ्याला वाचवणार, दुसरीचा काही उपयोग नाही. आणि सगळ्या कारखान्याचा माल ओळखणारी तिची जीभ तोंडात मेल्यासारखी पडून होती.

मग तिने शहाणपण केलं, दोन्ही डबे पेल्यात पालथे केले. पाणी घातलं, ढवळलं, धावत आली, आणि तिथे चूक झाली. चूक कसली, हात आपला जन्माच्या सवयीने पेला आधी स्वतःच्या तोंडाकडे घेऊन गेला. तिने घोट घेतला. तोंडात चिखल आला. डावी भुवई गेली वर, नाकपुडी आक्रसली.

नवऱ्याला बाही दिसत नव्हती, दिवसाचा उजेड दिसत नव्हता, पण तो चेहरा त्याला दिसला. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्याने नको म्हटलेलं त्याने कधी तोंडात घातलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला.

"अहो, साखर आहे. प्या."

तिने पेला त्याच्या ओठांना लावला. त्याचीही जीभ पानाने बधिर झालेली. एक घोट आत गेला तोच त्याने थुंकला आणि हात झटकला. "काय पाजतेस? वाळू पाजतेस मला?" पेला आरशावर आपटला, तिथून जमिनीवर. घरातली होती नव्हती ती साखर फरशीवर पसरली. तो स्टुलावरून कलायला लागला.

तिने त्याला काखेत हात घालून खाली घेतलं, एका कुशीवर निजवलं, डोक्याखाली लग्नाचा तो कोट दिला. डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. शेजारच्या दाराला कुलूप. दुसऱ्या मजल्यावर छापखान्याचं ऑफिस, सुट्टीचं बंद. पहिला मजला रिकामा. मास्तरीणबाईंना फोन लावला तर वाजत राहिला, त्यांचा फोन कायम कुठल्या तरी पिशवीच्या तळाशी असायचा. आणि गाडी येईल तेव्हा येईल.

राहिला जिना.

दारातून तिने खाली पाहिलं. उतरताना तिने कठडा धरला नाही, भिंतीला घासत, कोपरं आपटत ती खाली आली आणि मास्तरीणबाईंचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

मास्तरीणबाई काठी टेकत आल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, आता गुडघ्याने जागेवर बसवलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच फळीवरचा डबा काढून दिला. डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात साखर असं लिहिलं होतं.

चाखणबाईने ते वाचलं, आणि तिचा विश्वास बसेना. तिने बोट लावलं. वाळू. तिचे डोळे भरून आले.

"चाखून सांगा," ती म्हणाली.

"अगं, लिहिलंय की वर."

"तुम्ही चाखून सांगा. मला कळत नाहीये. पाया पडते, मला काही म्हणजे काही कळत नाहीये."

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. या बाईने आजवर इमारतीतल्या प्रत्येकाच्या घरी बोट बुडवून निकाल दिला होता. कोणाला चाख म्हणून विचारल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "साखर आहे. माझ्यावर विश्वास ठेव आणि बाटली धर." त्यांनी पाण्याच्या बाटलीत साखर ओतली, झाकण लावून जोरजोरात हलवली आणि तिच्या हातात कोंबली. "पळ. गाडीवाल्यांना वर पाठवायचं मी बघते."

जिन्याच्या पहिल्या पायरीशी चाखणबाई थांबली. सवयीने उजवा हात छातीकडे गेला, पण त्यात बाटली होती. मग ती चढली. एक पायरी, दुसरी, तिसरी, न थांबता. पहिल्या मजल्यावर तिच्या कानात रक्त वाजायला लागलं. दुसऱ्या मजल्याआधीच्या वळणावर छातीत कळ आली आणि तिला स्वच्छ ऐकू आलं, बटाटे घरंगळत होते. असल्याच वळणावर. ताई, थांब गं, आत्ता नको, मी परत येईन, वाटलं तर संध्याकाळी ने मला, ती मनात म्हणाली आणि पुढची पायरी चढली. शेवटच्या पायऱ्या तिने गुडघ्यांवर हात देऊन, तोंड उघडं टाकून चढल्या. घशातून मशीनमध्ये सुई अडकल्यासारखा आवाज येत होता.

नवरा तसाच पडला होता. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे हलले. कुठून तरी खोलातून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट बघत राहिला.

बाटली तिच्या हातात होती आणि आता चूक करून चालणार नव्हतं. तिने झाकण काढलं आणि त्याला दिसेल असा घोट घेतला. कोमट, चिकट, निर्जीव. अंगातली सगळी शिस्त ओरडून सांगत होती की हे टाकून दे. भुवई सरकायला लागली. तिने ती जागच्या जागी धरून ठेवली. गोड आहे, तिने स्वतःला सांगितलं, मास्तरीणबाई म्हणाल्यात गोड आहे. आणि मालकासमोर, मालकाच्या मुलासमोर जे तिला जमलं नव्हतं ते तिने केलं. मान एकदा खाली, एकदा वर.

त्याने तोंड उघडलं.

ती थोडं थोडं पाजत गेली. प्रत्येक घोटाला तो तिच्याकडे बघे, प्रत्येक घोटाला ती मान हलवे, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या कपाळावरच्या घामात पडत राही. बाटली अर्धी झाली तेव्हा त्याची नजर ठिकाणावर यायला लागली. जिन्यात पावलं वाजली, गाडीवाले आले. त्यांनी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात पाहिला आणि एकमेकांकडे बघितलं. "वेळेवर दिलंत," त्यातला एक म्हणाला. तेव्हा कुठे ती फरशीवरच्या साखरेत मागे टेकून बसली, आणि तिला इतकं कापरं भरलं की त्यांनी तिचाही रक्तदाब मोजला.

संध्याकाळी इस्पितळात दोघांनी यथेच्छ बोलणी खाल्ली. तिथले डॉक्टर म्हणाले, दोष पानाचाही नाही आणि गोळीचाही नाही, दोघांची परस्पर गाठ घालून देणाऱ्यांचा आहे. गोळीचं प्रमाण आता नव्याने बघावं लागेल, आणि या माणसाने वेलाकडे नुसतं बघायचं. चाखणबाईला विचारलं तेव्हा ते म्हणाले की तिच्या डॉक्टरांना विचारून तिने काय ते ठरवावं, पण घरात जे खायचं ते एकमेकांना सांगून खावं.

ते गेल्यावर ती नवऱ्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. बोटांना चिकटलेलं साखरेचं पाणी तिने धुतलं नव्हतं. ती बोट जिभेला लावत होती. गोड परत आलं होतं, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं.

"कशाला खाल्लीत पानं?" तिने विचारलं. "तुम्हाला काय पडली होती?"

"तू एकटी वाळू खात बसायचीस," तो म्हणाला. "मी समोर बसून चवीने जेवायचं, ते काही घशाखाली उतरेना."

तिने बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "मी डॉक्टरांचं वाक्य तुम्हाला सांगितलं नाही. माझ्यामुळे झालं हे. आणि वर तुमच्याशी खोटं बोलले. मला काही गोड लागत नव्हतं, तरी मान हलवली. तुम्हाला फसवून पाजलं मी."

"फसवलंस कुठे?" त्याचा आवाज अजून क्षीण होता. "मला कळलं होतं. भुवई दाबून धरली होतीस तू. मान साफ खोटी होती."

"मग प्यायलात कसे?"

त्याने डोळे मिटले. ती म्हणाली, राहू द्या, झोपा आता. पण तो झोपला नव्हता.

"तुझी धाप ऐकू येत होती," तो म्हणाला. "तू जिन्याला किती भितेस ते काय मला ठाऊक नाही? रोज दाराआड उभा राहून तुझ्या पायऱ्या ऐकतो मी. आज मधे कुठे थांबली नाहीस. म्हटलं, ही न थांबता वर घेऊन आली, म्हणजे वाळू असली तरी गिळायची."